रविवारचा फोन

"आता कुठं?" व्हिडिओ कॉल उचलताच मी मुलीला विचारलं.

"बुडापेस्ट, बाबा. दोनच दिवस."

"मागच्या रविवारी प्राग. आईला जाऊन चार महिने नाही झाले आणि तुझ्या पायाला भिंगरी!"

ती तिथल्या पुलाच्या कठड्याला टेकली. "आठवडा ऑफिसात निघून जातो. रविवारी सकाळी आईचा फोन यायचा. म्युनिकला खोलीत थांबले की तो वाजेल असं वाटत राहतं. म्हणून निघते."

माझी मान खाली गेली. इतक्या दिवसांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता. दर वेळी तिनंच केला आणि मी ओरडलो.

"बाबा, ठेवू का?"

"थांब. फोन तुझी आईच लावायची. मला हे व्हिडिओचं येत नाही. शिकव. पुढच्या रविवारी मी करतो."