अँटेना

वादळात धाकट्या मुलाची बोट परतली नव्हती आणि गावातले सगळे फोन मुके झाले होते. घरच्या डिशवर जगभरातलं सगळं दिसत होतं, कुठल्या राणीच्या कुत्रीला पिल्लं झाली तेसुद्धा! आपल्याच बंदरावर काय चाललंय, तेवढं मात्र दिसत नव्हतं. ते दाखवायचं फक्त गावचं छोटं टीव्ही केंद्र, आणि ते डिशवर येत नाही, त्याला अँटेनाच हवी.

म्हणून नवरा छपरावर चढला. माळ्यावरची जुनी अँटेना डिशच्याच खांबाला बांधून तो ती इंचाइंचाने फिरवू लागला. बायको खाली टीव्हीसमोर उभी राहून खिडकीतून ओरडत होती, "अहो, लवकर करा ना, माझा जीव टांगणीला लागलाय!"

"आलं का?"

"नाही, नुसत्या मुंग्या!"

"आता?"

आता चित्र लख्ख आलं होतं. मृतांचे फोटो एकेक करून सरकत होते, आणि त्यात धाकटा होता, परवान्याच्या फोटोसाठी केस चापून बसवलेला.

"अगं, आलं का?"



तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि खिडकीशी आली. "नाही हो, अजून मुंग्याच आहेत. सावकाश फिरवा, घाई नाही."