दादाची यंदाची फेरी

तंबूच्या खुंट्यांची पिशवी उघडायला प्रीतमला कात्री लागली. कारखान्यातली शिवण अजून तशीच होती. दादाने यंदासाठी नवा तंबू घेतला असणार, असं म्हणत त्याने यादीत तंबूपुढे खूण केली.

बाळकुमच्या त्या दोन खोल्यांत सगळीकडे सामान पसरलं होतं. आई, हौसाबाई, सोफ्याच्या कडेला बसून नाचणीची भाकरी मोडत होती. प्रीतम लडाखला जाऊन परत येईपर्यंत भात खायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. कोकणातल्या बाईने भात सोडायचा म्हणजे काय, ते कोकणातल्यालाच विचारावं. अडीच महिन्यांत तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते.

सर्वेशदादा मार्चमध्ये गेला. ऑफिसातच छातीत कळ आली आणि संपलं. वय बेचाळीस, मूलबाळ नाही. माणूस मितभाषी, शौक एकच. दर जूनमध्ये पंधरा दिवस रजा टाकायची, बुलेटला सामान बांधायचं आणि एकट्याने लडाख गाठायचं. सलग पाच वर्षं. तिथून तो बर्फाचे, नद्यांचे फोटो पाठवायचा. स्वतः फोटोत कधीच नसायचा. मिरवायचा स्वभाव नव्हता त्याचा.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा भिंतीवर बसून राहिला. काका म्हणाले, आईला सांभाळू. मामा म्हणाले, तुझ्या बायकोला, योगिनीला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. दीड तास झाला. गुरुजींनी दोनदा घड्याळ बघितलं आणि आता दर्भाचा कावळा करून उरकू, असं सुचवलं. ते ऐकून आईने जो हंबरडा फोडला, तो प्रीतमच्या कानातून अजून जात नव्हता. तो पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दादा, यंदाची तुझी फेरी चुकणार नाही. तुझ्याच गाडीवरून मी जाईन, एकटा."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी हात जोडले. काकांनी पाठ थोपटली.

बोलायला काय जातं? प्रीतम आजवर स्कूटरवरून कल्याणच्या पुढे गेला नव्हता.

तरी तो शिस्तीत तयारीला लागला. कुठे टाकी भरायची, कुठे तंबू ठोकायचा, श्वास लागला तर काय करायचं, सगळं त्याने रोज संध्याकाळी व्हिडिओ बघून वहीत उतरवलं. दादा ज्या हकिगती सांगायचा, त्या व्हिडिओत शब्दन्‌शब्द तशाच होत्या. त्यामुळे प्रीतमला जरा धीर आला.

गाडी बंटीच्या गॅरेजला दाखवली. बंटी खाली वाकून बघत राहिला.

"पाच वेळा लडाख मारलंय ना हिने?"

"हो. का रे?"

"चेन सॉकेट कंपनीचंच आहे अजून, एकदाही बदललेलं नाही. तुझा भाऊ फुलासारखी चालवायचा यार."

प्रीतमने मान हलवली. दादा गेल्यापासून तो रडलाच नव्हता. काही वाटतच नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटायची. निदान बर्फात तरी काही वाटेल, असं त्याने धरलं होतं.

गाडीच्या बाजूच्या पेटीत डासांच्या मलमाची अर्धी ट्यूब सापडली. त्याने ती योगिनीवहिनीला दाखवली.

"वहिनी, एवढ्या थंडीत डास असतात?"

"असतील," ती म्हणाली. तिच्या हातात दादाचा फोन होता. अजून ती तो चार्ज करून ठेवायची. कुणाला कळलं नसेल तर सांगायला हवं, म्हणायची. फोन वाजला की घेऊन गॅलरीत जायची.

प्रीतमच्या हिशेबाने जाऊन यायला चोवीस दिवस लागत होते. ऑफिसने एवढी रजा नाकारली. शुक्रवारी प्रीतमने राजीनामा दिला. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "नोकऱ्या छप्पन मिळतील रे. तो सुटायला हवा." आणि भाकरी पाण्यात बुडवून खायला लागली.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. आईने हातावर दही घातलं आणि देवापाशी जाऊन बसली. वहिनी तेवढी पार्किंगमध्ये खाली आली. प्रीतमने सामान बांधलं, हेल्मेट घातलं, परत काढलं.

"भावजी, नका जाऊ," वहिनी म्हणाली.

"वहिनी, आता काय बोलताय? भात सोडलाय तिने. मी नाही गेलो तर ती मरेल."

"आणि तुम्हाला काही झालं तर जगेल?"

"झालं तर झालं. खरं सांगू? फाटलीय माझी. पण वचन दिलंय. मी बोललो आणि कावळा शिवला. तुम्हीपण होतात ना तिथे?"

"होते."

"मग? सगळ्यांनी सांगून बघितलेलं. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने उतरला का तो?"

वहिनीने पुढे होऊन गाडीची चावी काढून घेतली.

"तुम्ही मोठ्याने बोलत होता, तेव्हाच मीही हात जोडून मनात बोलत होते, भावजी."

"काय?"

"की दर जूनला तुमचे दादा पंधरा दिवस जिथे राहायचे, इथे कल्याणपलीकडे आंबिवलीच्या त्या घरातल्या त्यांच्या मुलीची शाळा मी बंद पडू देणार नाही."