चंद्राकडे झोका

"बाई, अमेरिकेची माणसं तीन दिवसांत चंद्रापाशी पोचली, मग आपलं यान पंधरवडाभर पृथ्वीभोवतीच का घिरट्या घालत बसलं? रस्ता चुकलं होतं का?"

वर्गात खसखस पिकली. हे विचारायची पैज मैत्रिणींनीच लावली होती, आणि आता वह्यांआड हसतही त्याच होत्या. विज्ञानात काठावर पास होणारी केतकी मात्र उभीच राहिली.

बाई हसल्या नाहीत. "नागपंचमीला झोका उंच न्यायला जोर कधी लावतेस?"

"झोका अगदी खाली आला की. तेव्हाच तो सगळ्यात वेगात असतो." बोलता बोलता तिचे डोळे विस्फारले. "म्हणजे यानही पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना इंजिन चालवतं? आणि दर फेरीला आणखी लांब जातं, थेट चंद्रापर्यंत?"

"छोट्या इंजिनाला एका दमात जमत नाही ना! पण तू हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही बाई, आत्ताच सुचलं!"

आता कुणीच हसत नव्हतं.

संध्याकाळी आई-बाबा तिचा अकरावी कॉमर्सचा फॉर्म भरत होते. तिनं पेनच काढून घेतलं. "आई, बाबा, मला झेपणार नाही म्हणता ना? झेपवीन. मी सायन्सच घेणार."