खुर्चीसाठी अर्ज

कुरणेसाहेबांनी खिडकीतून पानाची पिचकारी टाकली, हात पँटला पुसला आणि वैजयंतीच्या मनगटाला लावलेल्या वायरचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला अडकवलं. नियमच तसा होता. अर्जदाराचं दुखणं डोळ्यांना दिसत नसेल, तर अधिकाऱ्यानं ते एक मिनिट स्वतः भोगून बघायचं.

"शिक्षिका ना तुम्ही? वर्गात बसायला खुर्ची हवी म्हणे," ते हसले. "दिसता तर ठणठणीत! आमची ही पण रोज कंबर कंबर करते."

वैजयंतीनं बटण दाबलं.

अकराव्या सेकंदाला साहेब टेबलाखाली होते. विसाव्याला त्यांनी आईला हाक मारली आणि तिसाव्याला वायर उपटून काढली.

"रोज असंच असतं?"

"नाही. आज बरं आहे, म्हणून तर आले."

दुखण्याच्या सात वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, सुटले एकदाची. साहेबांनी परत खुर्चीत बसून शेरा लिहिला: 'वेदना असह्य आहे. मात्र अर्जदार ती उभ्यानं, न ओरडता सहन करतात. सबब खुर्चीची गरज नाही.' दुसऱ्या कागदावर त्यांनी स्वतःसाठी पंधरा दिवसांची वैद्यकीय रजा लिहिली.

"अहो, असह्य आहे हे तुम्हीच लिहिलंय ना!"

"तुम्हाला सवय आहे हो बाई. आम्हाला कुठं?" त्यांनी घामट, लाळेनं चिकट हात पुढं केला. "खालपर्यंत धरता का जरा?"

फेरअर्जही त्यांच्याकडेच यायचा होता. शिसारी गिळून तिनं तो हात धरला. दोन मजले उतरताना साहेब पायरीपायरीला कण्हत होते आणि समोरून येणारा प्रत्येक जण तिलाच बजावत होता, "जरा हळू हो बाई, त्यांना त्रास होतोय!"