खाली बघून बोलणारा

बोलताना जो समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, त्याला पोरगी द्यायची नाही, हे आनंदीबाईंनी गेल्या शुक्रवारीच सांगून टाकलं होतं. दिघाशीचा हितेश, कुवेतला नोकरीला. कॉम्प्युटरवर अर्धा तास दिसला, पण अर्ध्या तासात एकदा म्हणून त्याने नजर वर केली नाही. त्याचा बाप छातीठोकपणे सांगून गेलेला, की कंपनीचं क्वार्टर आहे, लग्न झालं की बायकोला लगेच नेणार. तेच पोराला विचारलं तर मान खाली, आणि आहे म्हणजे आहेच तसं, अशी काहीतरी पुटपुट. आनंदीबाईंनी मुलाला, केसरीनाथला, जागच्या जागी नकार कळवायला सांगितलं.

नात मृणाली रडली नाही की रुसली नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे, त्याचा नाही, एवढंच म्हणाली, आणि आणखी एक शुक्रवार मागून घेतला.

आनंदीबाईंनी तीस वर्षं कापडाचे लूम चालवले होते. कापडात खोट निघाली की कारागीर मशीनवर ढकलतो, हे त्यांना पाठ होतं. पण दहातला एखादा खरंही बोलत असतो. मशीन स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी कुणाला कामावरून काढलं नव्हतं. म्हणून शुक्रवार दिला. संध्याकाळी दिघाशीला काय ते कळवायचं होतं, हो तर हो, नाही तर नाही.

शुक्रवारी घराभोवतीचे, अख्ख्या नारपोलीतले लूम बंद, त्यामुळे घरात माणसाला माणसाचं ऐकू येतं. कॅमेरा म्हणजे लिंबाएवढा गोळा, मध्ये काळा डोळा. त्याचा चिमटा जाड्या मॉनिटरवर बसेना, म्हणून मृणालीने तो सुताने बांधला. गाठ सैल पडली आणि डोळा आढ्याकडे बघत बसला. आनंदीबाईंनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः गाठ मारली. त्यानंतर तो गोळा हलला नाही.

पडद्यावर हितेश आला तो काळाठिक्कर. मागे खिडकी, पुढे नुसती सावली. मृणाली माऊस घेऊन कसल्याकसल्या सेटिंग बदलू लागली.

"ऱ्हाऊ दे ते," आनंदीबाई म्हणाल्या. "खिडकीकडं तोंड करून बस म्हणावं. उजेडावर कापडाचा ताका धरतात, माणूस न्हाय."

हितेश फिरून बसला आणि चेहरा उजळला. नाक आईचं घेतलेलं, मिशी नीट कापलेली. नजर मात्र पुन्हा खाली.

मग मृणालीने त्याला समजावलं. कॅमेरा तुझ्या मॉनिटरच्या डोक्यावर, आणि आजी दिसते ती खाली पडद्यात. तू आजीकडे बघतोस म्हणून इकडे खाली बघितल्यासारखा दिसतोस. पडदा सोड, त्या काळ्या डोळ्यात बघ. हितेशने मान वर केली, आणि त्याची नजर थेट आनंदीबाईंच्या डोळ्यांत आली. केसरीनाथ म्हणाला, चला, मिटलं. मृणालीने श्वास सोडला.

आनंदीबाईंनी क्वार्टरचं पुन्हा विचारलं.

आता पोरगा घडाघडा बोलू लागला. दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, पाणी चोवीस तास, लग्न झालं की महिन्याभरात नेतो. कुठे अडखळणं नाही, पापणी लवणं नाही. आनंदीबाईंकडे असं रोखून बघायची त्यांच्या नवऱ्याचीसुद्धा कधी टाप झाली नव्हती.

त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला. पोरगा बोलतच होता. त्या खुर्चीतून उठल्या आणि बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पोरगा रिकाम्या खुर्चीच्या डोळ्यांत डोळे घालून स्वयंपाकघरातल्या फरशीचा रंग सांगत होता.

केसरीनाथ काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. मृणालीचा चेहरा उतरला.

आनंदीबाई सावकाश येऊन बसल्या. "पोरा, तो गोळा सोड. मी जिथं दिसते तिथं बघ, आणि मंग सांग."

हितेशची नजर खाली आली. तोंड उघडलं ते तसंच राहिलं. आवाज गेला असं वाटून मृणाली वायर चाचपू लागली. आनंदीबाईंनी तिचा हात धरला. वायर ठीक होती.

"क्वार्टर नाही, आजी," तो खाली बघतच म्हणाला. "एका खोलीत सहाजण राहतो. अर्ज दिलाय, पण वर्ष जाईल. बाबा म्हणाले, आहे म्हणून सांग."

केसरीनाथ ताडकन उठला आणि फोनकडे निघाला. आनंदीबाईंनी त्याला बस म्हणून सांगितलं. तो बसला. त्यांनी धरलेला हात मृणालीने अजून सोडवून घेतला नव्हता. उलट तिचीच पकड घट्ट झाली होती. आनंदीबाईंनी त्या हाताकडे एकदा बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"वर बघून बोललास ते खुर्चीला सांगितलंस," त्या हितेशला म्हणाल्या. "खाली बघून बोललास ते मला. पोरगी वरीसभर थांबेल. तंवर दर शुक्रवारी येत जा, आन् असाच खाली बघून बोलत जा."