आधी न्याहारी

धाकट्या भावाच्या पत्राला इनास मास्तरांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. 'दादा, चारचौघांत तू माझा कोणी नाहीस म्हणालो. देव मला क्षमा करील का? तू शिकलेला, तूच सांग.' मास्तर तेव्हापासून ग्रंथ चाळत होते. लिहायला बसले की वाटे, देवाच्या वतीनं सांगणारा मी कोण?

आज सकाळी बायबलातलं शुभवर्तमान वाचता वाचता ते एकदम ओरडले, "अगं रेजिना, देव मासे भाजतोय!"

"चष्मा पुसा आधी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"खरंच! मरणावर मात करून आलेला प्रभू किनाऱ्यावर निखारे फुलवून बसलाय. 'मी त्याला ओळखत नाही' म्हणालेला त्याचा शिष्य पेत्र होडीतून उडी टाकून ओलाचिंब येतो, तर आधी न्याहारी देतो त्याला! जाब नाही, काही नाही!"

"मग तुम्ही का वर्षभर भावाला उपाशी ठेवलंत?"

मास्तर खुदकन हसले. पोस्टकार्डावर लिहिलं, 'पास्कू, रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की घरी ये. बांगडे मी भाजणार.'

"तुम्हाला पापड तरी भाजता येतो का?"

"शिकेन!" म्हणत ते अनवाणीच धावले, आणि कार्ड पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच थांबले.