गाडी नंबर चारशे सतरा

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काहीच नव्हतं. संगणक मात्र म्हणत होता, गाडी नंबर चारशे सतरा खाली घ्या.

रामेश्वरने सातव्यांदा बटण दाबलं. संगणक सातव्यांदा तेच म्हणाला. बाहेर साठ बैलगाड्यांची रांग. ऊस वाळत चाललेला. बारापर्यंत काटा सुरू झाला नाही तर उद्यापासून येऊ नका, असं साहेब शांतपणे सांगून गेले होते.

वजनाचा प्रोग्राम जुना. नव्या संगणकात चालेना, म्हणून रामेश्वरने नव्याच्या पोटात एक आभासी जुना संगणक बसवला होता. तोही अधूनमधून मान टाकायचा. म्हणून काल सगळं सुरळीत असताना रामेश्वरने त्याची आहे ती अवस्था जतन करून ठेवली. बिघडलं की तिथून पुन्हा सुरू. आज बिघडलं. सुरूही झालं, पण कालच्या त्याच क्षणात. त्या क्षणी गाडीवान अजिनाथची रिकामी गाडी, नंबर चारशे सतरा, काट्यावर उभी होती.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "संगणकाला कालचं आठवतंय. काटा आजचा आहे. प्रोग्रामने काट्याला नव्याने विचारायला पाहिजे."

"विचारत न्हाई ना."

"मग प्रोग्राम बदला."

तो लिहिणारा गृहस्थ कधीच दुबईला गेला होता.

बाराला दहा कमी असताना अजिनाथ खिडकीशी आला. बिघाडाआधीच वजन झालेली खेप टाकून रिकामी गाडी उसाच्या फडाकडे नेत होता. "कावून थांबलंय, भाऊ?"

"तुझी गाडी काट्यावर हाय म्हणतोय."

अजिनाथने रिकाम्या काट्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे. "मंग उतरवतो की. त्यात काय."

त्याने गाडी काट्यावर चढवली आणि पलीकडे उतरवली. संगणक म्हणाला, पुढची गाडी घ्या.

आता रिकाम्या काट्यावर नव्याने अवस्था जतन करू का, असं रामेश्वरने साहेबांना विचारलं.

"चाललंय ना? मग हात लावू नका."

तेव्हापासून रोज सकाळी संगणक त्याच क्षणात जागा होई, आणि अजिनाथ गाडी चढवून उतरवी. महिनाभर बिनबोभाट चाललं. मग एक दिवस रामेश्वरने साहेबांपुढे अर्ज ठेवला.

"महोदय, उद्या संगणक बंद राहील. बैल मांजरसुंब्याला पाहुण्यांकडे चालले आहेत."